थंडीच्या दिवसांत कुत्र्याच्या पायांची निगा



तापीच्या खोऱ्यात थंडी पडू लागली, की घरोघरी काही कामे ठरलेली असतात. पेटीतील गोधड्या उन्हात पडतात, फुटलेल्या टाचांना तेल लागते, गोठ्यातील वासराच्या पाठीवर गोणपाट चढते. बऱ्हाणपूर, शहापूर, खकनार या आपल्या मुलखात उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या मानाने आपली थंडी सौम्यच म्हणावयाची. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, इतकेच. पण हवा कोरडी होते, आणि त्या कोरडेपणाची झळ प्रथम कातड्याला लागते. माणूस आपल्या कातड्याला जपतो, गुराच्याही जपतो. मात्र दाराशी वेटोळे करून पडलेल्या कुत्र्याच्या तळव्यांकडे पाहावे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आज त्या तळव्यांविषयीच आपणांशी बोलावयाचे आहे.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही, याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की कुत्र्याचा सारा संसार त्याच्या चार पायांवर चालतो. पाय दुखावला, की शेताची राखण थांबते, मेंढरांमागे धावणे थांबते, आणि ते मुके जनावर आपले दुःख सांगू शकत नसल्यामुळे दिवसेंदिवस ते सोसत राहते. दुसरे कारण आपल्या घराशी निगडित आहे. एरवी गरीब असणारा कुत्रा दुखऱ्या पायाला कोणी हात लावला, तर दात लावतो. आणि तो हात पुष्कळदा घरातील लहान मुलाचा असतो. कुत्र्याच्या दाताची जखम ही आपल्या देशात कधीही हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही. तेव्हा रोज संध्याकाळी पाच मिनिटे कुत्र्याचे पाय पाहणे यात त्या प्राण्यावर दया आहे, तशीच घरातील माणसांची सुरक्षितताही आहे.

आपल्याकडे कुत्री तीन ठिकाणी राहतात. केळीच्या बागेत किंवा गव्हा-हरभऱ्याच्या शेतावर राखणीला असलेला मोत्या हा पहिला. दुसरा शहरातील घरात, फरशीवर आणि गादीवर वाढलेला. आणि तिसरा कोणा एकाचा नसलेला, पण साऱ्या गल्लीचा असलेला. या तिघांनाही माया लावणारी माणसे सकाळी राजघाटाच्या वाटेवर, चहाच्या टपरीवर किंवा शेताच्या बांधावर भेटतात आणि एकमेकांना विचारतात, "काय भाऊ, तुमचा मोत्या आज लंगडतोय का?" उत्तर येते, "हो काका, चार दिवस झाले, पाय नुसता चाटत बसतो." मग उपाय सांगितले जातात. कोणी तेल सांगतो, कोणी हळद, कोणी रॉकेल. अनुभवाची ही देवघेव फार मोलाची आहे. परंतु तिच्यात हितकारक उपायांबरोबर अपायकारक उपायही मिसळलेले असतात. ते निवडून वेगळे करणे हा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

कुत्र्याच्या लाडाची एक जुनी हकीकत येथे आठवते. इ. स. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रज वकील सर टॉमस रो हा जहांगीर बादशहाच्या भेटीस अजमेरला जात असता वाटेत बऱ्हाणपुरास उतरला होता. शाहजादा परवेझ याचा मुक्काम त्या वेळी येथे होता. पुढे इंग्लंडहून बादशहासाठी मॅस्टिफ जातीचे धिप्पाड कुत्रे पाठविण्यात आले. समुद्रप्रवासात बहुतेक दगावले, दोनच दरबारी पोहोचले. रोच्या पदरी असलेला धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने लिहून ठेवले आहे, की बादशहाने त्यांतील प्रत्येक कुत्र्यामागे चार चाकर नेमले. दोघांनी त्याला पालखीतून वाहून न्यावे, दोघांनी त्याच्या अंगावरील माश्या वाराव्या. आणि स्वतःच्या हाताने घास भरविता यावा म्हणून बादशहाने रुप्याचा चिमटा घडवून घेतला. त्या दोघा भाग्यवंतांचे तळवे फुटण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या शेतावरील मोत्याला मात्र पालखी नाही. तो रोज धसकटांतून, काट्यांतून आणि चिखलातून चालतो. म्हणून त्याचा पाय कसा घडलेला आहे, हे आधी समजून घेऊ.

कुत्रा आपल्यासारखा टाच टेकून चालत नाही. तो बोटांवर चालतो. मागच्या पायाचा जो सांधा आपल्याला उलटा वळलेला गुडघा वाटतो, ती वास्तविक त्याची टाच होय. प्रत्येक पंजाखाली चार बोटांच्या चार लहान गाद्या आणि त्यांच्या मागे एक मोठी गादी असते. पुढच्या पायांना मनगटाच्या मागे आणखी एक छोटी गादी असते; उतारावर पाय घसरू लागला, की ती उपयोगी पडते. गादीवरील कातडे अंगावरील इतर कोणत्याही कातड्यापेक्षा जाड आणि खरबरीत असते, आणि त्याच्या खाली चरबीचा थर असतो. धावताना बसणारा हादरा हा थर गिळून टाकतो. कुत्र्याला जो थोडाबहुत घाम येतो, तोही मुख्यतः या तळव्यांनाच. पशुवैद्याच्या टेबलावर घाबरलेल्या कुत्र्याच्या पावलांचे ओले ठसे उमटलेले दिसतात, त्याचे कारण हेच.

आता थंडीचा विचार. बर्फावर उघड्या पायांनी चालणाऱ्या कुत्र्याचे पाय गोठत कसे नाहीत, याचे उत्तर जपानमधील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाने दिले. तळव्याच्या गादीत शुद्ध रक्त आणणाऱ्या आणि अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या बारीक वाहिन्या एकमेकींना अगदी लगटून असतात. वरून येणारे उबदार रक्त आपली ऊब परतणाऱ्या थंड रक्ताला देते. त्यामुळे पाय गोठत नाही आणि थंड झालेले रक्त तसेच शरीरात शिरून शरीरही गार पडत नाही. निसर्गाने एवढी सोय केलेली असताना आपल्या १० अंशांच्या थंडीने धडधाकट कुत्र्याच्या तळव्यांना अपाय होण्याचे कारण नाही. पिल्ले, म्हातारी कुत्री आणि अंगावर विरळ केस असलेली कुत्री यांना मात्र रात्री आडोसा व कोरडे गोणपाट द्यावयास हवे.

हे सांगण्याचे कारण असे, की हल्ली परदेशी राहणारे आपले आप्त कुत्र्यासाठी हौसेने पायमोजे आणि बूट पाठवितात, आणि ते घालावेत की नाही असा प्रश्न घरात पडतो. त्या देशांत त्यांची गरज खरी आहे. रस्त्यावरील बर्फ वितळावा म्हणून तेथे मीठ व तशीच इतर रसायने पसरतात. ती तळव्याच्या भेगांत शिरून आग करतात, आणि कुत्र्याने पाय चाटले तर पोटात जातात. अलास्का प्रांतात १९७३ पासून इडिटारॉड नावाची गाडीच्या कुत्र्यांची सुमारे १६०० किलोमीटरची शर्यत होत आली आहे. तीत प्रत्येक कुत्र्यासाठी आठ पायमोजे जवळ बाळगलेच पाहिजेत, असा नियम आहे. कारण बोटांच्या बेचक्यांत बर्फाचे खडे होतात आणि कातडे सोलले जाते. आपल्याकडे ना बर्फ, ना रस्त्यावर मीठ. येथे दिवसभर बूट घातलेल्या पायात घाम साचतो, कातडे मऊ पडते आणि बुरशीला वाव मिळतो. जखमेवर पट्टी बांधलेली असताना तेवढ्यापुरता मोजा चढविणे योग्य. एरवी ते बूट पेटीत राहिलेले बरे.

मग आपल्या मुलखात हिवाळ्यात कुत्र्याच्या पायाला भय कशाचे? ते सहा गोष्टींचे आहे : कोरडी हवा, कुसळ व काटे, धसकटे, रात्रीचा चिखल, शेकोटीची राख आणि धागा. एकेकाचा विचार करू.

कोरड्या हवेने गादीवरील जाड कातड्याला बारीक भेगा पडतात. भेगा वरवरच्या असतील तर त्यांनी काही बिघडत नाही. पण एखादी भेग खोल जाऊन तीत माती भरली, की चालताना कळ येते आणि कुत्रा पाय जपून टाकतो. यावर उपाय साधा आहे. पाय कोमट पाण्याने धुवावा, फडक्याने नीट कोरडा करावा आणि खोबरेल तेलाचे दोनचार थेंब गादीवर चोळावेत. हे रात्री, कुत्रा निजण्याच्या सुमारास करावे. म्हणजे तेल जिरावयास वेळ मिळतो. कुत्रा ते चाटणारच, म्हणून जे पोटात गेले असता अपाय होणार नाही तेच लावावयाचे, हा नियम कधी सोडू नये. तेल थोडेच लावावे. गादी लोण्यासारखी मऊ करणे हा आपला हेतू नव्हे. खडकाळ जमिनीवर चालणाऱ्याला थोडा राठपणा आवश्यकच असतो.

दुसरी गोष्ट कुसळाची. सातपुड्याच्या उतारांवर आणि बांधांवर पावसाळ्यात वाढलेले कुसळी गवत दिवाळीनंतर वाळते. त्याच्या बीचे टोक सुईसारखे असते आणि त्यावर मागे वळलेले बारीक केस असतात. बीला जी लांब शेपटी असते, ती ओलाव्याने उलगडते व सुकली की पुन्हा पिळली जाते. या पिळण्याने टोक हळूहळू जमिनीत रुतते. गवताने आपली बी आपणच पेरावी अशी ही योजना आहे. पण तेच कुसळ कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात अडकले, तर मातीऐवजी मांसात शिरते. मागे वळलेल्या केसांमुळे ते पुढेच सरकते, मागे येत नाही. दोनचार दिवसांनी बोटांच्या मधे लाल, फुगीर गाठ दिसते, तिला छिद्र पडते आणि त्यातून पाणी किंवा पू वाहू लागतो. वरून मलम लावून ही जखम भरत नाही. भरल्यासारखी दिसते आणि पुन्हा फुटते. आत कुसळ असते हे तिचे कारण. अशा वेळी पशुवैद्याकडून ते काढून घेण्यावाचून दुसरा मार्ग नाही. मात्र रानातून आल्याबरोबर बेचकी बोटांनी चाचपून पाहिली, तर कुसळ अजून केसांतच सापडते, आणि अर्ध्या मिनिटात काम होते.

सराटे, बाभळीचे काटे आणि बोरीचे वाकडे काटे यांची गोष्ट त्या मानाने सोपी. ते दिसतात, आणि चिमट्याने सरळ ओढून काढता येतात. काटा तुटून आत राहिला, तर सुईने टोकरत बसू नये. कोमट पाण्यात थोडे मीठ घालून त्यात पाय पाचेक मिनिटे धरावा, आणि एकदोन दिवसांत सूज उतरली नाही तर दवाखाना गाठावा. काट्यांच्या कुंपणाची छाटणी झाली, की तुटक्या फांद्या पायवाटेवर पडू देऊ नयेत. त्यात आपल्याही अनवाणी पायांचे हित आहे.

धसकट हा शब्द शेतकऱ्याला समजावून सांगावयास नको. तूर कापली, पऱ्हाटी तोडली, की जमिनीतून वर राहिलेला तिरपा बुडखा सुरीसारखा धारदार असतो. रानडुकरामागे धावणाऱ्या कुत्र्याची गादी त्याने चिरली जाते. गादीच्या जखमेतून रक्त पुष्कळ वाहते. ते पाहून घाबरू नये. स्वच्छ फडक्याची घडी जखमेवर ठेवून पाच-सात मिनिटे एकसारखे दाबून धरावे. रक्त थांबल्यावर पाणी ओतून माती काढावी आणि बोटांच्या मधे थोडा कापूस ठेवून पट्टी बांधावी. पट्टी घट्ट नको. बांधल्यावर बोटे सुजली किंवा गार पडली, तर ती तत्काळ सोडावी. जखम खोल असेल, गादीचा तुकडा लोंबत असेल, तर टाके घालावे लागतात. आणि हे काम त्याच दिवशी व्हावयास हवे.

चौथे भय ओलीचे. रब्बीच्या हंगामात पुष्कळदा रात्रीच्या विजेवर पाणी भरावे लागते. शेतकरी बॅटरी घेऊन बारे मोडीत फिरतो, आणि त्याच्या मागे त्याचा कुत्राही रात्रभर चिखल तुडवितो. धन्याच्या पायांत बूट असतात, सोबत्याच्या नसतात. तासन् तास भिजलेले कातडे पांढरे व मऊ पडते, बोटांच्या मधे कुजते आणि त्याला वास येतो. शिवाय ओलसर, सावलीच्या मातीत अंकुशकृमींच्या अळ्या वाढतात. त्या कुत्र्याच्या तळव्याच्या कातड्यातून शरीरात शिरतात, आणि अनवाणी माणसाच्या पायाच्या कातड्यातही शिरून नागमोडी, खाजरी रेघ उठवितात. म्हणून पहाटे घरी परतल्यावर कुत्र्याचे पाय धुऊन बेचक्यांसकट कोरडे करावेत, आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतांचे औषध वेळच्या वेळी द्यावे. येथे धुण्यापेक्षा कोरडे करणे अधिक महत्त्वाचे आहे.

शेकोटीचे संकट आपल्या नजरेआड घडते. रात्री माणसे शेकून उठून जातात. पहाटेच्या गारठ्यात गल्लीतले कुत्रे उबेसाठी त्या राखेत येऊन निजते. वरची राख थंड असली, तरी खाली निखारे जिवंत असतात; तळवे पोळतात, कधी पोटही भाजते. सकाळी ते लंगडताना दिसते आणि कोणीतरी दगड मारला असावा असा आपला समज होतो. शेकोटीवरून शेवटी उठणाऱ्याने तीवर बादलीभर पाणी ओतावे आणि जवळच आडोशाला एक जुने गोणपाट टाकावे. एवढ्याने हे टळते. तळवा भाजलाच, तर त्यावर दहा-पंधरा मिनिटे साधे गार पाणी सोडावे. बर्फ, तूप किंवा दात घासण्याची पेस्ट लावू नये.

शेवटचे भय धाग्याचे. बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे शहर. सुताची गुंतवळ कचऱ्याबरोबर रस्त्यावर येते, आणि चालत्या कुत्र्याच्या बोटाभोवती किंवा घोट्याभोवती तिचा फास बसतो. केसांखाली तो दिसत नाही. बोट सुजते आणि धागा मांसात रुतत जातो. संक्रांतीच्या सुमारास यात पतंगाच्या मांज्याची भर पडते. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो अजून झाडांवर आणि रस्त्यांवर लोंबताना आढळतो. हा मांजा कुजत नाही आणि सहज तुटत नाही. तो पक्ष्यांचे पंख कापतो, तसेच कुत्र्याचा पायही हाडापर्यंत कापतो. मुलांनी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आपापल्या गल्लीतील तुटका मांजा गोळा करून तो कापून टाकण्याचे ठरविले, तर सणाचा आनंद कमी होणार नाही. मुले खेळता खेळता कुत्र्याच्या पायात रबर किंवा दोरा अडकवितात, त्याकडेही वडील माणसांचे लक्ष असावे.

नखांविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. शेतावरील कुत्र्याची नखे चालून झिजतात; घरातील कुत्र्याची झिजत नाहीत, आणि थंडीत फिरणे कमी झाले की ती अधिकच वाढतात. फरशीवर चालताना नखांचा टकटक आवाज येऊ लागला, म्हणजे ती कापण्याची वेळ झाली. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून वर, अंगठ्याचे नख असते. ते जमिनीला लागतच नसल्यामुळे गोल वळून कातड्यात घुसते. ते आठवणीने पाहावे. नखाच्या आत रक्ताची शीर असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्यात दिसत नाही. म्हणून नख थोडे थोडेच कापावे.

आता एक खूण सांगतो. कुत्रा एकच पाय चाटत असेल, तर काटा शोधावा. चारही पाय चाटत असेल किंवा चारही तळवे बिघडले असतील, तर रोग शोधावा. खरूज, बुरशी किंवा एखाद्या पदार्थाचे वावडे ही त्याची कारणे असू शकतात. निव्वळ पोळी-भाकरीवर वाढलेल्या कुत्र्याला अन्नातील जस्त पुरेसे मिळत नाही आणि तळव्यांवर खपल्या धरतात. सर्वांत गंभीर कारण डिस्टेंपर हे होय. या रोगात ताप येतो, डोळ्यांतून व नाकातून स्राव वाहतो, आणि काही कुत्र्यांचे तळवे व नाकाचा शेंडा जाड, कठीण होतो. त्यांना तेल चोळीत बसणे म्हणजे मोलाचे दिवस घालविणे होय. या रोगावर हमखास औषध नाही. पिल्लाला वेळेवर लस टोचणे हाच त्याचा प्रतिबंध आहे. बोटांच्या बेचक्यांत गोचिडीही दडून बसतात. त्या चिमट्याने कातड्यालगत धरून सरळ ओढाव्या, आणि नखाने चिरडू नयेत.

काय लावू नये, याची यादी लहान आहे, पण ती पाठ असावी. रॉकेल, फिनेल, मोटारीचे जळालेले काळे तेल आणि चुना हे कुत्र्याच्या पायाला कधीही लावू नयेत. ते कातडे जाळतात, आणि चाटल्यावर पोटात विष होतात. जस्ताचा पांढरा मलम व कापूर घातलेले बाम हेही चाटण्यासारखे नव्हेत. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला देणे विशेष धोक्याचे आहे; आपल्याला साधी वाटणारी गोळी त्याच्या यकृताला किंवा मूत्रपिंडाला बाधू शकते.

यानंतरचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. दुखरा पाय पाहण्याचे काम नेहमी मोठ्या माणसाने, आणि शक्य तर दोघांनी मिळून करावे. मुलांना तेव्हा दूर ठेवावे. एकाने डोके सांभाळावे, दुसऱ्याने पाय पाहावा. कुत्रा गुरगुरत असेल, तर मऊ कापडी पट्टीचा सैल फास त्याच्या तोंडाभोवती घालावा, टोके हनुवटीखाली आणावीत आणि कानांच्या मागे बांधावीत. धापा टाकणाऱ्या किंवा ओकाऱ्या होणाऱ्या कुत्र्याचे तोंड मात्र बांधू नये. कुत्र्याचा स्वभाव एकाएकी बदलला असेल, लाळ गळत असेल, चाल लटपटत असेल, तर त्याला हातच लावू नये. तो पिसाळला असण्याचा संभव असतो.

दात लागलाच, तर काय करावे? जखम लहान असो की मोठी, कुत्रा घरचा असो की बाहेरचा, ती साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना किंवा तिखट भरू नये. लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी, आणि सांगितलेल्या तारखांना सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम टोचली आणि तो मुलगा वाचला. आज लस त्याहून कितीतरी सुधारलेली आहे. पण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, ही गोष्ट आजही तशीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एकतृतीयांश मृत्यू भारतात होतात. कुत्र्याला दरसाल टोचलेली एक लस आणि त्याच्या पायांवर ठेवलेली नजर, या दोहोंनी आपल्या अंगणापुरते तरी हे भय पुष्कळ कमी होते.

आपल्या कुत्र्याला पायांची सवय लहानपणापासून लावता येते. पिल्लू असतानाच रोज एकेक पाय हातात घ्यावा, गादी हलके दाबावी, बोटे फाकवावीत आणि नंतर भाकरीचा तुकडा द्यावा. महिनाभरात ते आपण होऊन पाय पुढे करू लागते. मग रोजचा क्रम सोपा होतो : संध्याकाळी फिरून किंवा शेतावरून आल्यावर चारही गाद्या पाहाव्या, बेचकी चाचपावी, पाय पुसून कोरडे करावे, आणि गरज दिसली तर रात्री तेलाचे दोन थेंब लावावे. यास पाच मिनिटे लागतात. लागणारे साहित्य प्रत्येक घरात असते.

राहता राहिला गल्लीतला कुत्रा. त्याचे पाय रोज कोण पाहणार? जो रोज त्याला तुकडा टाकतो, तोच पाहू शकतो. कारण तो त्यालाच जवळ येऊ देतो. पण त्याने पाय हाती घेतलाच पाहिजे असे नाही. दुरून चाल पाहिली तरी पुरे. लंगडणे दोन दिवसांत थांबले नाही, तर शेजाऱ्यांनी मिळून पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर त्याच्या सुखरूपतेची जबाबदारी टाकतो. गल्लीतले कुत्रे कोणाच्या ताब्यात नसते, म्हणून त्याची काळजी कायद्यापेक्षा शेजारधर्मावर अधिक अवलंबून राहते.

नामदेव महाराजांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. कुत्र्याने पोळी पळविली, तेव्हा ती कोरडी खाऊ नकोस, असे म्हणत ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. मुक्या जीवाच्या कोरड्या घासाची ज्यांना काळजी वाटली, त्यांचे आपण वारस आहोत. तेव्हा त्याच्या कोरड्या तळव्यांची काळजी करणे आपणांस जड वाटू नये. आज संध्याकाळी आपापल्या सोबत्याचा एकेक पाय हातात घेऊन पाहावा. आणि उद्या घाटावर किंवा बांधावर कोणी विचारील, "दादा, पायाला काय लावू?", तेव्हा औषध सांगण्याआधी त्याला एवढेच विचारावे, "आधी बेचकी उघडून पाहिलीत का?"